माहूरच्या वंशवेलीतील राजव्याघ्री

१/ आपल्याकडील देशमुखी वंशावळी बहुधा एखाद्या तंट्यातून जन्मल्या आहेत. वतन कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला की गोतसभेपुढे किंवा सरकारात पूर्वजांची नावे क्रमाने मांडावी लागत. म्हणजे वंशावळ हा मुळात दाव्याचा कागद. तो कौतुकाने वाचण्याआधी वकिलाच्या नजरेने वाचावा, असे माझे मत आहे. उदाहरण आपल्या नांदेड जिल्ह्यातले घेतो : माहूरचे राजे उदाराम घराणे.

२/ माहूर म्हटले की आपल्याला रेणुकामाता आणि दत्तशिखर आठवते. सतराव्या शतकातल्या सेनापतींना मात्र तिथला किल्ला दिसत असे. वऱ्हाड आणि तेलंगण यांच्या सीमेवरचा, पैनगंगेच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा. देशस्थ ब्राह्मण उदाराम दक्षिणेच्या त्या धामधुमीत वर आला आणि पुढे मोगल मनसबदार झाला. जहांगीरच्या आत्मवृत्तात ‘उदाजीराम दखनी’ म्हणून भेटतो तो हाच.

३/ १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड करून फसलेला शाहजादा खुर्रम बुऱ्हाणपुराहून माघार घेत तेलंगणाकडे निघाला, तो माहूरवरून. हत्ती आणि जड सामान त्याने इथेच उदारामाच्या हवाली करून ठेवले. पाच वर्षांनी हाच खुर्रम शाहजहान म्हणून तख्तावर बसला. आज बंडखोर, उद्या बादशहा! सीमेवरच्या वतनदाराने अशा वेळी कोणाशी निष्ठा ठेवावी, याचे उत्तर आपण मोबाईल हातात धरून फार झटपट देतो.

४/ इथे एक भेद लक्षात घ्यावा. मनसब व्यक्तीची असे; माणूस गेला की ती बादशहाच्या मर्जीवर. वतन घराण्याचे असे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चाले. बहमनी गेली, इमादशाही गेली, निजामशाही गेली. गावोगावी देशमुखी उरली. उदारामानंतर त्याचा मुलगा जगजीवनराव पुढे आला, आणि त्याच्याही नंतर घर सावरले ते एका स्त्रीने.

५/ तिचे नाव सावित्रीबाई. औरंगजेबाने दिलेल्या किताबामुळे ती ‘रायबाघन’, आपल्या तोंडी ‘रायबागन’ झाली. कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारता’त त्याच किताबाचे संस्कृत करून तिला ‘राजव्याघ्री’ म्हटले. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखान कोंडला गेला, तेव्हा ती मोगल फौजेत होती. खानाला भानावर आणून शरण जाण्याचा सल्ला तिने दिला, असे तिथे वर्णिले आहे. शत्रूपक्षातील स्त्रीला शिवाजी महाराजांच्या पदरीच्या कवीने शहाणपणाचे शब्द द्यावेत, ही साधी गोष्ट नव्हे.

६/ आणि आपण? दरवर्षी उंबरखिंडीच्या दिवशी तिच्या नावापुढे ‘फितूर’ लिहून मोकळे होतो. फितुरी व्हायला आधी त्या पक्षात असावे लागते. हे घराणे तर शिवरायांच्या जन्माआधीपासून मोगलांकडे होते. खुद्द लखुजी जाधवरावही काही काळ मोगलांकडे होते. त्यांना सवलत आणि माहूरच्या बाईला दूषण, हा न्याय मला पटत नाही.

७/ त्याहून मला खटकते ते दुसरेच. आजच्या मराठी लेखनात ती कुठे उदारामाची पत्नी असते, तर कुठे सून. फौज चालवणाऱ्या, बादशहाकडून किताब मिळवणाऱ्या व्यक्तीची पिढीसुद्धा आपण एकमताने सांगू शकत नाही! कारण वंशावळीच्या कागदाला हवे असतात वारस. बाप, मुलगा, नातू यांच्या चौकटी ठरलेल्या. स्त्री आली तर अज्ञान मुलाची आई किंवा दत्तक घेणारी विधवा म्हणून. दोन पुरुषांमधली जी रेघ आपण सहज ओढतो, त्या रेघेत सावित्रीबाई आहे.

८/ वंशावळीचे दुसरे अंग म्हणजे घर. नांदेड-लातूरच्या गावांतून फिरताना गढी दिसते : पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यात बुरूज, आत माळवदाचे वाडे. १८६५ मध्ये पहिल्या सालारजंगाने जिल्हाबंदी करून वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे दिली; देशमुखाच्या हाती रोख रुसूम उरला आणि गढीचे काम संपले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्याही संपल्या. बाकीचे पावसाने केले. भिंत ढासळली की गावकरी ती पांढरी माती आपल्या माळवदावर टाकतात. मला यात फारसे वाईट वाटत नाही. माती गावचीच होती.

९/ आयर्लंडमध्ये हे सारे आगीने झाले. १९१९ ते १९२३ च्या लढ्यांत जमीनदारांच्या अडीचशेहून अधिक हवेल्या जळाल्या. ३० जून १९२२ रोजी डब्लिनचे अभिलेखागारही खाक झाले आणि जुन्या जनगणनांसह शतकांची दप्तरे गेली. तिथले अभ्यासक आज जगभर विखुरलेल्या नकलांवरून ते दप्तर पुन्हा उभे करीत आहेत.

१०/ आपले दप्तर जळालेले नाही. हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळातील दख्खनचे हजारो फारसी कागद आहेत. त्यांत मोठा भाग हजेरीच्या चेहरेपटांचा : शिपायाचे नाव, बापाचे नाव, चेहऱ्यावरचा व्रण, घोड्याचा रंग. ज्यांना कधी वंशावळ मिळाली नाही, अशा माणसांच्या दोन पिढ्या तिथे सुरक्षित आहेत. मराठवाड्यातली मुले आता हौसेने मोडी शिकतात, हे उत्तमच. पण मोडी येऊनही हे कागद मुकेच राहतात. ते शिकस्ता लिपीत आहेत.

११/ पुढच्या धाग्यात शिकस्त्याची पहिली दहा वळणे घेऊ. किनवट, माहूर, उदगीरकडच्या कोणी आधीच गिरवायला घेतली असतील, तर खाली जरूर लिहा.