केनिया, कझाकस्तान आणि आपलं हतनूर

पक्षी पाहायला नऊ दिवसांत दोन देश करायचे, एक आफ्रिकेतला आणि एक मध्य आशियातला, ही कल्पना ऐकायला भारी वाटते. माझ्या मते ती पक्ष्यांच्या हिशेबानं चुकीची आहे आणि पैशाच्या हिशेबानं उधळपट्टीची. तिच्यामागचं खरं कारण मात्र आपण आपसातही उघड बोलत नाही. आज मला त्या कारणावर लिहायचं आहे. पण आधी हिशेब.

आखातात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं अशी सहल आखली आहे. सोबत तीन मित्र, सगळे खान्देशातले. आधी केनिया, म्हणजे नैवाशा आणि नाकुरूची सरोवरं. मग कझाकस्तान, म्हणजे अस्तानाच्या नैर्ऋत्येला असलेलं कोरगालझिनचं अभयारण्य. रोहित पक्षी जगात सर्वांत उत्तरेला वीण करतात ते इथल्या तेंगिझ सरोवरावर. "मामू, जरा नजर टाका," म्हणून त्यानं कागद पाठवला. मी नजर टाकली.

कागदपत्रांची अडचण नाही, हे मान्य. जानेवारी 2024 पासून केनियाचा व्हिसा गेला, ऑनलाइन परवानगी मिळते. कझाकस्तानात भारतीयांना 14 दिवस व्हिसाच लागत नाही. पीतज्वराची लस तेवढी निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर केनियाहून भारतात परतताना विमानतळावरच अडकवून ठेवतात.

अडचण ऋतूची आहे. कझाकस्तानचा गवताळ माळ पक्ष्यांनी भरतो तो मे-जूनमध्ये. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ, कच्चे रस्ते चिखलात, आणि उत्तरेकडून थंडीत आलेले पाहुणे तोवर परत गेलेले. उलट जानेवारीत नैवाशा गजबजलेलं असतं, तेव्हा तेंगिझ सरोवर गोठलेलं असतं. सप्टेंबरमध्ये दोन्ही जमतं, पण तेव्हा तिकडची वीण संपलेली आणि इकडचे पाहुणे नुकते येऊ लागलेले. शिवाय नऊ दिवसांतले तीन तर विमानतळांवर जातात. उरलेल्या सहा दिवसांत माणूस पक्षी बघत नाही, यादीवर बरोबरच्या खुणा करतो. तीन दिवस एका पाणवठ्यावर बसलात तर चौथ्या दिवशी पक्षी तुमच्याकडे दुर्लक्ष करून आपलं काम करू लागतात. खरं पाहणं तिथून सुरू होतं, आणि नेमक्या त्याच दिवशी तुमचं विमान असतं.

आता दुसरा मुद्दा. हे दोन्ही देश दरवर्षी आपल्या दाराशी येतात.

चातक घ्या. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येणारा हा काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो असं मानलं जातं. वरणगावातल्या निसर्गप्रेमींच्या संस्थेचं नावच चातक आहे. भोरडी घ्या. हिची वीण कझाकस्तानच्या आणि आसपासच्या गवताळ माळांवर होते. तिथं ती टोळ आणि नाकतोडे फस्त करते, आणि मग थव्याथव्यानं आपल्या ज्वारीवर उतरते. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्यानं कझाकस्तान कधी नकाशात पाहिलेला नसतो, पण कझाकस्तानचे पाहुणे तो पिढ्यान्‌पिढ्या हाकलत आला आहे. अमूर ससाणा तर दीडशे ग्रॅमचा जीव. चीन-सैबेरियाकडून निघतो, नागालँडमध्ये थांबून पोट भरतो आणि भारत व अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत जातो. दोन दूरचे देश एका सहलीत बसवायचा खरा हक्क या पक्ष्यांना आहे. ते ऋतू बघून निघतात.

आणि हतनूर. वरणगावपासून मोटारसायकलवर थोडा वेळ. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला, त्याच्या खाली हे 41 दरवाजांचं धरण. मागे पसरलेलं उथळ पाणी, गाळ आणि पाणवनस्पती. थंडीत इथं लालसरी, तलवार बदक, चक्रवाक उतरतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या ठिकाणांच्या आंतरराष्ट्रीय यादीत हतनूरचं नाव आहे. भाच्याच्या चार जणांपैकी तिघांनी हतनूर पाहिलंय ते पूर आल्यावर, दरवाजे उघडल्यावर, मोबाइलवर व्हिडिओ काढण्यासाठी.

रानपिंगळ्याची गोष्ट तर प्रत्येक खान्देशी माणसाला पाठ हवी. 1873 मध्ये ह्यूमनं या घुबडाची नोंद केली. 1884 नंतर त्याचा पत्ताच लागला नाही. मधल्या काळात एका इंग्रज संग्राहकानं खोट्या ठिकाणाची चिठ्ठी लावून एक नमुना ठेवला, त्यामुळे शोधणारे चुकीच्या जागी फिरले. शेवटी नोव्हेंबर 1997 मध्ये अमेरिकेहून पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी आले, आणि 113 वर्षांनी हा पक्षी पुन्हा दिसला. कुठे? शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात. जगाच्या त्या टोकाची माणसं आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आली, आणि आम्ही सातपुडा सोडून विमानाची तिकिटं काढतो.

यावर भाच्यानं जे उत्तर दिलं, त्यासाठी हा लेख लिहितोय. तो म्हणाला, "मामू, तिकडे कोणी विचारत नाही."

हे आहे खरं कारण. दाढीवाला तरुण, गळ्यात दुर्बीण, हातात वही, आणि समोर धरण. आमच्या गावाजवळ तर दारूगोळ्याचा कारखानाही आहे. "कशाला आलात? कुठले? नाव काय? वहीत काय लिहिता?" मी स्वतः विद्यार्थ्यांना घेऊन एका पाणवठ्यावर गेलो असताना हे प्रश्न ऐकले आहेत. वहीत पक्ष्यांची नावं मराठीत होती, शाळेचं ओळखपत्र खिशात होतं, तरी वीस मिनिटं गेली. मुलं परतताना गप्प होती. त्यामुळे भाच्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. नैवाशाच्या काठी तो फक्त एक पर्यटक असतो. आपल्या तालुक्यात त्याला आधी संशयित व्हावं लागतं आणि मग पक्षीनिरीक्षक.

पण यावर उपाय म्हणून गाव सोडायचं? आपण पाणवठ्यावर जाणं बंद केलं की पुढचा जो कोणी मुसलमान पोरगा तिथं दुर्बीण घेऊन जाईल, तो आणखी विचित्र दिसेल. विचारणाऱ्यानं आयुष्यात दहा वेळा असा पोरगा पाहिला, तर अकराव्या वेळी तो विचारेल, "आज काय दिसलं?" या दहा खेपा कोणाला तरी माराव्याच लागतील. सरकारी परिपत्रकानं हे होत नाही. आणि माझ्या बिगर-मुस्लिम वाचकांना एक विनंती. तुमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटात आमची किती मुलं आहेत, हे एकदा मोजा. नसतील तर बोलवा. चौघांमध्ये उभ्या असलेल्या सलीमला कोणी अडवत नाही. एकट्या सलीमला अडवतात.

सलीमवरून सलीम अली आठवले. आपली कौम त्यांचं नाव वर्षातून एकदा, 12 नोव्हेंबरला, अभिमानानं घेते. त्यांचं जगणं मात्र वाचत नाही. हा माणूस बर्लिनला जाऊन स्ट्रेसमान यांच्याकडे शिकून आला. 1930 मध्ये परतला तेव्हा मुंबईतली नोकरी गेलेली. मग काय केलं? अलिबागजवळ किहीमला पत्नीच्या माहेरच्या घरात राहायला गेले आणि तिथल्या झाडावरची सुगरणीची घरटी महिनोन्‌महिने पाहिली. नर अर्धवट घरटी बांधतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तर नर ते पूर्ण करतो आणि मग दुसरं घरटं सुरू करतो, हे त्यांनी तिथं टिपलं. त्यांचं नाव झालं ते या कामानं. सुगरणीची घरटी वरणगावात विहिरीवरच्या बाभळीला लटकलेली असतात. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

काही जण मला कुरआनातला, जमिनीवर फिरा हा आदेश ऐकवतील. मान्य. प्रवासाला माझा विरोध नाही, कमाई हलाल आहे तर खुशाल जा. पण त्याच कुरआनात सूरह नम्लमध्ये हुदहुद आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. हुदहुद, बुलबुल हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत, आणि इक्बालच्या शायरीतला शाहीन तर मुलांना तोंडपाठ असतो. हुदहुद शाळेच्या मैदानावर चोचीनं माती उकरत असतो, तेव्हा वर्गातल्या चाळीसपैकी दोघांना तो ओळखता येतो. ज्या पक्ष्यावर आपण ईमान ठेवतो तो खिडकीबाहेर असताना दिसू नये, ही आपल्या तालमीतली मोठी उणीव आहे.

म्हणून भाच्याला माझं सांगणं असं. दोनांपैकी एक देश काढून टाक. केनिया ठेव, जानेवारीत जा, नैवाशाला सलग पाच दिवस बस. वाचलेल्या पैशातून चार 8×42 च्या दुर्बिणी घे आणि आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेला दे. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. त्या आठवड्यात सुट्टी काढून ये. फजरच्या नमाजनंतर निघू, मुलं सोबत घेऊ, वही मराठी-उर्दू दोन्हीत लिहू. कोणी विचारलं तर उत्तर देऊ, आणि त्याच्या हातात दुर्बीण देऊन त्यालाही लालसरी दाखवू.