सैनिक संघाची वही चावडीवर वाचा

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामीं आले. आज तें गांव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलें जातें. सातारा-सांगलीच्या शेतकरी व बलुतेदार घरांनीं पलटणीला पिढ्यान्‌पिढ्या माणसें दिलीं. त्यांच्या नांवानें माजी सैनिकांचे छोटे संघ चालतात. त्या संघांच्या पैशाविषयीं आज आम्ही चार शब्द लिहितों.

हा पैसा पावसासारखा येतो. १९६२ सालीं आयाबहिणींनीं अंगावरचे डाग काढून दिले. १९९९ सालीं कारगिलच्या वेळीं शाळेंतल्या मुलांनीं खाऊचे पैसे दिले. लढाई विसरली कीं ओढा आटतो. खर्च मात्र आटत नाहीं. विशींत कुंकू पुसलेली बाई पुढें पन्नास वर्षें जगते.

समजा, संघाजवळ १ लाखाची ठेव आहे. १९९५ च्या सुमारास बँका शेकडा १२ च्या आसपास व्याज देत. सालाचे १२,००० रुपये येत. २०२० सालीं दर साडेपांचच्या आसपास उतरला; हातीं आले ५,५००. मधल्या काळांत औषधपाणी किती महागलें, तें घरच्या कारभारणीला विचारा. कोणी चोरी केली नाहीं, तरी संघ गरीब झाला! अशा वेळीं कारभारी मुद्दलाला हात घालतात, आणि तेंहि कमानी, फेटे व सत्कार यांसाठीं. मान राखावा, पण विधवेच्या औषधाला कात्री लावून नव्हे.

नोंदलेल्या धर्मादाय संस्थांनीं हिशेब ठेवून तो सादर करावा, असा १९५० चा कायदा आहे. पण कचेरींत गेलेला कागद विधवेला कधीं दिसला काय? आमच्या वाडवडिलांनीं सावकाराची वही न वाचतां अंगठा उठविला आणि जमिनी घालविल्या. कारभारी आपल्यांतलाच म्हणून वही न वाचणें, हाहि तसाच अंगठा होय.

म्हणून बंधुभगिनींनो, आमचें सांगणें एवढेंच. मुद्दलाला हात लावूं नका; नव्या देणगींतला कांहीं भाग त्यांत घाला. सारी ठेव एका बँकेंत ठेवूं नका. बँक बुडाल्यास मिळणाऱ्या विम्याची हद्द २०२० सालीं १ लाखावरून ५ लाख झाली, त्यापुढची जबाबदारी तुमची. पंचांत एक तरी सैनिकाची विधवा घ्या.

दर ७ डिसेंबरला, १९४९ पासून, सेना ध्वजदिन पाळतात. सरकारी निधीची पेटी आम्ही शिक्षक गांवांत फिरवितों. तो पैसा निराळा. त्याच दिवशीं संघाची वही चावडीवर आणावी, जमाखर्च मोठ्यानें वाचावा, आणि ज्याला शंका असेल त्यानें तेथेंच विचारावी.