हजेरीपटावर नसलेला मजूर : जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जालना

विषय : बेकायदा स्थलांतर आणि कामगार कायद्यांची अंमलबजावणी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार होते. भट्टीसमोरच्या कामावर बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेशातून आलेले मजूर मोठ्या संख्येने असतात. ठेकेदार त्यांना गावाहून आणतो, उचल देतो, राहायला खोली देतो आणि मजुरीही बहुधा त्याच्याच हातून मिळते. खडी क्रशरवरची रीत फारशी वेगळी नाही. डिसेंबर 2024 मध्ये भोकरदन तालुक्यात क्रशरवर काम करणाऱ्या तीन बांगलादेशी नागरिकांना दहशतवादविरोधी पथकाने पकडले.

कागदपत्रांशिवाय देशात शिरणे हा गुन्हा आहे. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. त्यामुळे अशा अटकेवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. मात्र परदेशी माणूस सीमेपासून इतक्या लांब येऊन टिकतो, तो कोणीतरी काम देतो म्हणून. काम देणारा नोंद ठेवत नाही, कारण नोंद झाली की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, विमा हे सगळे मागोमाग येते. ज्या क्रशरवर बिहारच्या मजुराचे नाव हजेरीपटावर नसते, तिथेच बांगलादेशी मजुराचे नावही कोणी विचारत नाही. तपासणी फक्त मजुराच्या खिशातल्या आधारची झाली आणि मालकाची वेतन नोंदवही न उघडताच पथक परतले, तर पकडलेल्याच्या जागी आठवड्याभरात दुसरा उभा राहतो.

नोंद नसल्याची सर्वांत मोठी किंमत याच जिल्ह्यातून निघालेल्या भारतीय मजुरांनी मोजली. 8 मे 2020 च्या पहाटे बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. जालन्याच्या एका स्टील कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले हे मजूर रेल्वे मिळेल या आशेने भुसावळकडे पायी निघाले होते. तेव्हा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदा लागू होता. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला परवाना, मजुराला छायाचित्रासह पासबुक, येण्याचे आणि परतीचे भाडे, प्रवासाच्या दिवसांची मजुरी, हे सारे त्यात लिहिलेले होते. ठेकेदाराने भाडे दिले नाही तर ते मूळ मालकाने द्यायचे होते. हे कलम पाळले जात असते तर टाळेबंदीतही त्या मजुरांच्या परतीची जबाबदारी कोणाची, हे कागदावर ठरलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने पुढे 2021 मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी मुदत घालून दिली आणि ई-श्रम पोर्टल सुरू झाले. पण त्या पोर्टलवर मजूर स्वतःची नोंद करतो. मालकाची जबाबदारी त्याने ठरत नाही.

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि 1979 चा कायदा त्यांत विलीन झाला. स्वतःहून आलेला मजूरही आता स्थलांतरित कामगार ठरू शकतो, ही सुधारणा महत्त्वाची. परंतु त्या तरतुदींसाठीची मर्यादा पाचवरून दहा मजुरांवर गेली, म्हणजे सात-आठ माणसांवर चालणारा क्रशर त्यांतून सुटला. वेतन संहितेला मात्र अशी पळवाट नाही. किमान वेतन, वेतन नोंदवही आणि वेतनचिठ्ठी क्रशरलाही लागू आहेत, आणि थकलेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. जिल्ह्यातल्या छोट्या आस्थापनांसाठी हेच हाताशी असलेले हत्यार आहे.

किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे वेठबिगारी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात दिला. वेठबिगारीला मनाई करणारा संविधानाचा अनुच्छेद 23 केवळ नागरिकांपुरता नाही. परदेशी मजुराला परत पाठवायचेच असले तरी त्याने केलेल्या कामाची मजुरी मालकाच्या खिशात राहण्याचे कारण नाही. ती वसूल झाली तरच बेकायदा मजूर मालकाला स्वस्त पडणार नाही.

ओळख पटवण्यातली घाई हा दुसरा धोका. जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून बांगलादेशी समजून ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपार धाडले गेले. ते भारतीय निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. कामाच्या ठिकाणी गाव, तालुका, आणणाऱ्या ठेकेदाराचे नाव नोंदलेले असते, तर त्यांच्या गावाकडे विचारणा करणे सोपे झाले असते. बोलीवरून माणसाचा देश ठरवण्याची वेळ जालन्यात येऊ नये.

वेठबिगारी निर्मूलनाच्या 1976 च्या कायद्याने जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडेच दिले आहे. क्रशर, वीटभट्टी आणि सळईच्या कारखान्यावर पोलीस जातील तेव्हा कामगार अधिकारी बरोबर असावा, हजेरीपट आणि वेतन नोंदवही त्याच दिवशी ताब्यात घ्यावी, नोंद नसल्यास मालकावर आणि ठेकेदारावर स्वतंत्र कारवाई व्हावी, आणि कोणालाही जिल्ह्याबाहेर नेण्याआधी त्याची थकीत मजुरी लेखी ठरावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

हीच नोंद उलट दिशेनेही हवी. दिवाळीच्या आसपास मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांतली जी कर्नाटकात जातात ती तिथे परप्रांतीय मजूरच असतात. त्यांची यादी, मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव आणि उचलीची रक्कम गाव सोडण्यापूर्वी ग्रामपंचायतीत लिहिली गेली, तर तिकडे मजुरी अडवली गेल्यास जालन्याच्या प्रशासनाला संबंधित जिल्ह्याकडे पुराव्यासह दाद मागता येईल.