मूळ शोधायचं तर खेडला या



आपली पोरं चाकणला ठेक्यावर जातात. तिथं युवक संघटनेचा लाल झेंडा बघून येतात, की गावातले पुढारी सुरू होतात : "हे बाहेरचं खूळ. रशियातनं आलेलं. नादी लागू नका."

बाहेरचं कसं? जांभोरीचा होनाजी केंगले आपल्यातलाच, महादेव कोळी. तो सावकारांविरुद्ध उठला १८७० नंतर. रशियाची क्रांती व्हायला अजून चाळीस वर्षं होती. राजगुरू तर खेडचे, चाकणच्या शेजारचे. २३ मार्च १९३१ ला फासावर गेले. त्यांच्या संघटनेनं १९२८ मध्येच आपल्या नावात 'समाजवादी' शब्द घातला होता. आज पुतळ्याला हार घालणारेच तो शब्द गिळतात. डहाणू-तलासरीत १९४५ ला वारल्यांनी वेठ आणि लग्नगड्याची गुलामी मोडली, ती किसान सभेच्या लाल झेंड्याखाली. तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड पडला. तो काय मॉस्कोचा होता?

पक्षाचं म्हणाल तर हो, एआयवायएफ भाकपच्या विचाराची, डीवायएफआय माकपच्या. यात लपवायचं काय? जे म्हणतात "आम्ही राजकारण करत नाही", त्यांना विचारा : पवनेच्या पाइपलाइनविरुद्ध उभी राहिलेली तीन माणसं ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. पाणी न्यायचं होतं पिंपरी-चिंचवडला. ते राजकारण नव्हतं?

आता दोन शब्द युवक संघटनांनाही. तुमचं मूळ जमिनीच्या लढ्यात आहे, ते कंपनीच्या गेटवर विसरू नका. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात. तरणी माणसं चाकणला, मग कोरम भरणार कसा? दावे तसेच पडून राहतात. मोर्चाला पोरं गोळा करता, तशी ग्रामसभेच्या दिवशी गावात आणा. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. वनखात्यानं फाडलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या दाव्याला जोडा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण ती जमीन कसत होतो, हे त्या पावत्यांवर खात्यानंच लिहून दिलंय.

हे काम करील ती संघटना आपली. पोरांनो, ठेकेदार कधीही घरी बसवील. तेव्हा परत यायला कसायची जमीन नावावर हवी. येत्या ग्रामसभेला सुट्टी टाका, एक दिवसाची मजुरी बुडू द्या, पण या.

जिंदाबाद!