मुलाची मात्रा म्हणजे अर्धी गोळी नव्हे

घरात लहान भावंडाला दम्याची धाप लागली की पुष्कळदा आजोबांची गोळी मोडून अर्धी त्याला दिली जाते. मला ही सवय धोक्याची वाटते.

भामरागडजवळच्या हेमलकशाकडे पाहा. 1973 मध्ये बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांवर उपचार करू लागले. (तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये झाला.) अशा जंगलपट्टीत मुलाचे नेमके वय घरच्यांना सांगता येईलच असे नाही. आले तरी कुपोषणामुळे आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलाएवढेच भरू शकते. मग बाटलीवर वयाप्रमाणे छापलेल्या मात्रेचा काय उपयोग? तेथे वजनकाटाच हवा.

आता थोडे गणित करू. साल्ब्युटामॉल हे औषध श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते. त्याच्या 5 मिलिलिटर पातळ औषधात बहुधा 2 मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल असते. समजा, डॉक्टरांनी दर किलोला 0.1 मिलिग्रॅम ठरवले. 12 किलोच्या मुलाला 1.2 मिलिग्रॅम, म्हणजे 3 मिलिलिटर लागेल. घरचा चमचा 7 मिलिलिटरचा निघाला तर? दुपटीहून जास्त औषध पोटात जाईल. हात थरथरतील, छाती धडधडेल. तुमच्या घरचे चमचे एकदा मोजून पाहाच! औषधाबरोबर मिळणारे मापाचे टोपण मात्र फेकू नका.

या हिशेबातून सुटका करणारी वाट आहे, आणि आज डॉक्टर तीच पसंत करतात: श्वासाबरोबर ओढायचा फवारा, म्हणजे इनहेलर. त्याच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असते, 2 मिलिग्रॅमच्या गोळीच्या विसावा भाग! ते थेट श्वासनलिकेत पोचते, म्हणून एवढेसे पुरते. अडचण एकच. फवारा दाबणे आणि त्याच क्षणी श्वास ओढणे लहान मुलाला जमत नाही, म्हणून मध्ये पोकळ नळकांडे लागते. ते महाग पडते. पण 500 मिलिलिटरची प्लॅस्टिकची रिकामी बाटलीही हे काम करते, हे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवून दिले.

तेव्हा प्रत्येक आश्रमशाळेत वजनकाटा, फवारा आणि अशी एक बाटली असलीच पाहिजे. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा गुरुजींजवळ लिहून ठेवावी, आणि आईला ती माडिया भाषेत समजावून सांगावी.