दुपारचा अर्धा तास

दुपारी दोनच्या सुमारास डोळे जड होणे हा आळसाचा पुरावा आहे, असे मानणारा एक वर्ग आपल्या समाजात आहे. तो वर्ग स्वतः त्या वेळी बहुधा पंख्याखाली पहुडलेला असतो! शरीरशास्त्राचे म्हणणे निराळे आहे. शरीराच्या दैनंदिन लयीनुसार दुपारी एक ते तीनच्या दरम्यान माणसाची तरतरी थोडी ओसरतेच; जेवण जड झाले तर अधिक, परंतु न जेवताही काही प्रमाणात. ही ओहोटी मालकाला येते तशीच मजुरालाही येते. फरक इतकाच की, मजुराने ती झोपून घालविली तर त्याची मजुरी बुडते. थकवा निसर्ग देतो. विश्रांतीचे वाटप मात्र समाजव्यवस्था करते.

महाराष्ट्रातील कामगार चळवळीला ही जाण जन्मापासून होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, ही त्यातील एक मागणी होती. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. म्हणजे हा अर्धा तास कोणाच्या कृपेने मिळालेला नाही.

परंतु तो कारखान्याच्या फाटकापाशीच थांबला. शिरोळ तालुक्यात साखरेचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगार पहाट उजाडण्यापूर्वीच फडात उतरतात. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे, हे सारे टनाच्या हिशेबाने. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते आणि एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. अशा हिशेबात विश्रांती ही मजुरीतून होणारी कपातच ठरते. शेजारच्या इचलकरंजीत यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्याची स्थिती याहून फार वेगळी नाही.

‘विश्रांती दिली तर उत्पादन घटेल’ हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर येथे २०१४-१५ च्या हंगामात ऊसतोड कामगारांना पाणी, सावली आणि ठराविक विश्रांती देण्याचा प्रयोग झाला. तेथे दरडोई ऊसतोडणी घटली नाही, उलट वाढली. केरळात कामगार खाते उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरील कामाला विश्रांती देण्याचे आदेश काढीत आले आहे. महाराष्ट्रात मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली!

या थकव्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. फडावरची स्त्री पहाटे भाकरी थापून कामाला जाते आणि परत आल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते. तिला ‘उत्साह टिकवा’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे व पालेभाजी हवी. ज्या चहावर दुपार ढकलली जाते, तो जेवणाला लागूनच घेतल्यास अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. तो तासाभराने घ्यावा, हेही तिला कोणीतरी सांगावयास हवे.

कार्यकर्त्यांनीही स्वतःच्या शरीराशी सावकारी करू नये. रात्री उशिरापर्यंत बैठक, सकाळी उपाशीपोटी चहा आणि दुपारी पुन्हा बैठक, ही त्यागाची खूण नव्हे. वेळेवर न्याहारी, पुरेसे पाणी आणि दुपारी वीस मिनिटांची डुलकी घेणारा कार्यकर्ता संध्याकाळी अधिक उपयोगी पडतो.

मात्र खरा उपाय संघटनेचाच आहे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक शाखेने साखर कारखान्यांपुढे व ग्रामपंचायतींपुढे तीन मागण्या ठेवाव्यात : प्रत्येक फडावर पिण्याचे पाणी व सावली, हंगामाच्या आरंभी कामगारांची, विशेषतः स्त्रियांची, रक्ततपासणी, आणि दुपारच्या विश्रांतीची भरपाई होईल असा तोडणीचा दर. लोखंडे यांनी मागितलेला अर्धा तास फडापर्यंत पोहोचविणे, हे काम अजून शिल्लक आहे.