विश्लेषण : पंधरा वर्षांची गाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

२०१०-११ च्या सुमारास ‘एमएच २४’ किंवा ‘एमएच २६’ क्रमांक घेऊन लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर आलेल्या खासगी मोटारींची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपते आहे. त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या मीटरवर दोन-अडीच लाख किलोमीटर दिसणे नवलाचे नाही. अशा वेळी गॅरेजवाल्याने इंजिनकामाचा आकडा सांगितला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो, या गाडीत आणखी पैसे घालावेत का?

पंधरा वर्षांनी गाडी बाद होते का?

नाही. हा समज दिल्लीमुळे पसरला. तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. तो नियम राजधानी परिसरापुरता आहे. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, उशीर झाल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा पडतात. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झाले. वीस वर्षांपुढील मोटारीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर आणि विमा वेगळा.

म्हणजे हिशेब पाच वर्षांचा करायला हवा. गाडी एवढी वर्षे चालणार नसेल तर नोंदणीचा खर्चही वाया.

पैसे घालण्याजोगी गाडी ओळखायची कशी?

किलोमीटरचा आकडा पाहून तर नाहीच. मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिसची जुनी बिले अधिक खरे बोलतात. वेळच्या वेळी ऑइल बदललेली अडीच लाखांची गाडी हयगय झालेल्या सव्वा लाखाच्या गाडीपेक्षा बरी असू शकते.

आधी पाहावी ती बॉडी आणि चेसी. इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. पण सस्पेन्शन जिथे बसते तो पत्राच गंजून कुजला असेल तर खर्चाला अंत नाही. या बाबतीत मराठवाडा नशीबवान. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत पत्रा जितका लवकर जातो तितका इथे जात नाही. इथला शत्रू म्हणजे ऊन आणि धूळ. रबरी पाइप, बुश, वायरिंगचे आवरण वाळून तडकते. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी ओतण्याची सवय असेल तर आत क्षार साचतात, इंजिन तापते आणि हेड गॅस्केट जाते. ऑइल दुधी दिसले तर हीच शंका घ्यावी. इंजिनकामाला हो म्हणण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घेणे शहाणपणाचे. कधी कधी दोष इंजेक्टरचा असतो आणि खोलले जाते ते इंजिन.

दुसरी कसोटी सुट्या भागांची. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा कंपन्यांच्या गाडीचा एखादा भाग पुण्या-हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येईपर्यंत गाडी गॅरेजात अडकते. मारुतीच्या जुन्या पेट्रोल गाड्या किंवा बोलेरो यांचे तसे नाही, त्यांचे भाग आणि त्यांत हात बसलेले मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतात.

खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर?

‘मग विकून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो अर्धवट आहे. समजा, गाडीला बाजारात एक लाख मिळतात आणि दुरुस्ती ६० हजारांची आहे. विकायचीच असेल तर हा खर्च वेडेपणा. पण ठेवायची असेल तर तुलना पर्यायाशी करावी लागते. एक लाखाची दुसरी जुनी गाडी घेतली तर तिची दुखणी अनोळखी. नव्या गाडीसाठी साडेनऊ टक्क्यांनी पाच लाखांचे पाच वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता साधारण साडेदहा हजार, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. अर्थात, पाच वर्षांनी नव्या गाडीला किंमत उरते, जुनीला फारशी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने नवीन गाडी स्वस्त झाली. पण सुट्या भागांवरचा करही १८ टक्के झाला, त्यामुळे पारडे एकाच बाजूला झुकलेले नाही.

फरक पडतो तो वापराने. आठवड्यातून एकदा लातूरहून औशाला जाणाऱ्याला जुनी गाडी परवडते. रोज लातूर-नांदेड करणाऱ्याचे गणित वेगळे. जुन्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस बहुधा नसतात, आणि दुरुस्तीने ते येत नाहीत.

मोडीत काढताना काय पाहावे?

भंगारवाल्याला रोखीत गाडी देऊन मोकळे होऊ नये. नोंदणी रद्द झाली नाही तर कागदावर मालक तोच राहतो आणि त्या क्रमांकाचा गैरवापर झाला तर विचारणा त्याच्याकडेच होते. नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ मिळते. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. राज्यात सध्या किती सवलत लागू आहे, हे गाडी देण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.